बट्टा कोणाच्या खाती?

यंदाच्या वासंतिक व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाविषयी चार शब्द लिहावेत असे गेले काही महिने मनात घोळत आहे. विषय होता लहान राष्ट्रांचे अर्थकारण. वक्ते व्यासंगी, वाणी प्रसन्न, आणि सभागृह नेहमीपेक्षा अधिक भरलेले. (नंतर चहाबरोबर बटाटेवडे असल्याची वार्ता आधीच पसरली होती, हेही एक कारण असू शकेल.) वक्त्यांनी मॉरिशसचा दाखला दिला. २०२० साली महासाथीचे संकट कोसळले तेव्हा या चिमुकल्या बेटाने आपल्या मध्यवर्ती बँकेत निष्कारण पडून असलेली गंगाजळी कामाला लावली, लोकांचे पगार दिले, उद्योग वाचवले, आणि हे सारे कोणाच्याही खिशाला चाट न लावता केले. आपल्याकडच्या सोवळ्या अर्थपंडितांनी यातून धडा घ्यावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. टाळ्या पडल्या. प्रस्तुत लेखकानेही वाजवल्या. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही, आणि उरला असता तरी त्या क्षणी विचारण्यासारखे काही सुचले नसते.

घरी परतताना मात्र ‘कोणाच्याही खिशाला चाट न लावता’ हे शब्द टोचू लागले. वैद्यकात जसे सर्व रोगांवरचे एकच औषध नसते, तसे अर्थव्यवहारात कोणीच न भरलेले बिल नसते. बिल कोणी भरले हे दिसत नसेल, तर बहुधा ज्याला आवाज नाही त्याने ते भरलेले असते. या लेखाचा प्रपंच तेवढ्यासाठीच.

मॉरिशसची उठाठेव आपण कशाला करावी, असे कोणी म्हणेल. परंतु ते बेट आपल्याला अगदीच परके नाही. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर करारबद्ध होऊन तेथे उसाच्या मळ्यांत गेले. त्यांत मुंबई बंदरातून गलबतावर चढलेले कोकणातले मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे सारे उतरले तो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. २००६ साली त्याची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आपण इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे स्थिरावलेली मंडळी स्वतःला दूरदेशीचे मराठी म्हणवून घेतो. खरे दूरदेशीचे ते.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. संस्थानी मुलखातल्या आपल्या वाडवडिलांना चलनाचे जे ज्ञान होते, ते आज पदवीधरांनाही असते असे वाटत नाही. बडोद्याकडच्या घरांत बाबाशाही रुपयाच्या गोष्टी असतील. आमच्या हैदराबादेत हाली सिक्का होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे येथले शेंबडे पोरही जाणत असे. प्रस्तुत लेखकाचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून. पगार हालीत, आणि धाकटे बंधू पुण्याला शिकत असल्यामुळे मनिऑर्डर कलदारात. सत्तर हाली मोजावेत तेव्हा तिकडे साठ पोचावेत. आजी म्हणे, रुपया घरात असतो तोवर रुपया. वेशीबाहेर गेला की त्याची खरी किंमत कळते. नाण्याच्या या तुटीला आपल्या भाषेत बट्टा म्हणतात. हाच शब्द आपण कलंकालाही वापरतो, हा योगायोग नसावा.

आता बेटाचा विचार करा. बेटाला चोहोबाजूंनी वेसच. मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. तांदूळ बाहेरून, गहू बाहेरून, औषधे बाहेरून, पेट्रोल-डिझेलचा थेंबन् थेंब बाहेरून. अनेक वर्षे तर ते आपल्या मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यातून जात असे. तेथल्या गृहिणीच्या हातातला रुपया सकाळी भाकरीवर आणि संध्याकाळी बसच्या तिकिटावर खर्च होतो; पण त्या भाकरीचे पीठ आणि त्या बसचे इंधन डॉलर मोजून आणलेले असते. म्हणून अशा देशाच्या गंगाजळीला ‘पडून असलेला पैसा’ म्हणणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर कणगीतल्या धान्याला अडगळ म्हणण्यासारखे आहे. बेटाच्या प्रत्येक रुपयाच्या मागे उभे असलेले ते धान्य आहे. त्यावर रुपया बाळगणाऱ्या प्रत्येकाचा हक्क पोचतो. सरकार त्यांपैकी एक, मालक नव्हे.

रुपया त्या बेटावर गेला तोच मुळी या जाणिवेने. एकोणिसाव्या शतकात तेथे पौंड, डॉलर आणि नाना जातींची नाणी चालत. परंतु मजूर हिंदुस्थानचे, त्यांचा तांदूळ हिंदुस्थानचा, साखरेचे एक मोठे गिऱ्हाईकही हिंदुस्थानच. ज्या नाण्यात भात येतो त्याच नाण्यात मजुरी असावी, हा व्यवहार सरळ होता. १८७६ साली रुपयाला मान्यता मिळाली आणि १८७७ पासून ते बेटाचे प्रमाण चलन झाले. पुढे १९३४ मध्ये हिंदी रुपयाशी असलेली गाठ सोडून तो पौंडाशी बांधला गेला. तोवर व त्यानंतरही, १९६७ साली मध्यवर्ती बँक स्थापन होईपर्यंत, नोटा काढण्याचे काम एका चलन-मंडळाकडे होते. ते मंडळ वसाहतवाल्यांचे होते, त्याच्याविषयी प्रेम वाटण्याचे कारण नाही. पण नाणे किंवा खात्रीचे रोखे हाती आल्यावाचून नोट काढायची नाही, हा त्याचा दंडक होता. त्यामुळे सरकारला बक्षीस देण्याची मुभा त्याला नव्हती. स्वातंत्र्याबरोबर मध्यवर्ती बँक आली, तिच्याबरोबर विवेक करण्याचे स्वातंत्र्य आले, आणि अर्थातच अविवेक करण्याचेही.

पहिला धडा लवकरच मिळाला. १९७४ च्या सुमारास साखरेचे भाव आकाशाला भिडले तेव्हा बेटावर दिवाळी झाली. भाव उतरले, खर्च उतरला नाही. परकी चलन आटत गेले, आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये रुपयाचे मोठे अवमूल्यन करावे लागले, सप्टेंबर १९८१ मध्ये पुन्हा एकदा. नाणेनिधीच्या अटी आल्या, बेकारी वाढली, आणि जून १९८२ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना मॉरिशस बेटावरच्या साठ जागांपैकी एकही मिळाली नाही. त्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, जे केले ते खरोखर कौतुकास्पद आहे. कापडाचे कारखाने आले, पर्यटन आले, १९९४ मध्ये परकी चलनावरचे निर्बंध उठले, आणि एकेकाळी अठराविश्वे दारिद्र्याचे भाकीत ज्याच्याविषयी केले गेले होते तो देश आफ्रिकेतल्या सधन देशांत गणला जाऊ लागला. हे श्रेय नाकारण्याचा हेतू नाही. उलट, त्या तीस-पस्तीस वर्षांत कणाकणाने साठवलेले धन हाच आपल्या वादाचा विषय आहे.

आता २०२० कडे येऊ. मार्चमध्ये बेटाच्या सीमा बंद झाल्या. २०१९ साली जेथे सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले होते, तेथे २०२१ मध्ये दोन लाखही आले नाहीत. राष्ट्रीय विमान कंपनी एप्रिल २०२० मध्येच प्रशासकांच्या हवाली झाली. वर्षभरात उत्पन्न सुमारे पंधरा टक्क्यांनी घटले. अशा वेळी सरकारने हातावर हात ठेवून बसावे असे कोणी माणुसकी असलेला म्हणणार नाही. हॉटेलांतल्या नोकरवर्गाचे पगार सरकारी मदतीने चालू राहिले, ते योग्यच झाले. वक्त्यांशी आपला तेथे मतभेद नाही.

मतभेद आहे तो मार्गाविषयी. मध्यवर्ती बँकेने सरकारला ६० अब्ज रुपये दिले. देशाच्या त्या वर्षीच्या एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून ही रक्कम अधिक होते. याशिवाय बँकेच्या मालकीची एक नवी कंपनी, मॉरिशस इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन, स्थापण्यात आली आणि अडचणीतल्या कंपन्यांना सावरण्यासाठी तिच्याकरिता ८० अब्ज रुपयांची तरतूद झाली. हे पैसे ‘गंगाजळीतून’ दिले असे सांगण्यात आले, आणि आपल्या वक्त्यांनी ते जसेच्या तसे स्वीकारले. येथेच खरी गफलत आहे. ती नीट उलगडून पाहिली पाहिजे, कारण ‘गंगाजळी कामाला लावा’ असे जेथे जेथे म्हटले जाते तेथे तेथे हीच गफलत असते.

गंगाजळी म्हणजे परदेशांतील ठेवी, रोखे आणि सोने. हॉटेलातल्या वाढप्याला पगार म्हणून अमेरिकी रोख्याचा तुकडा देता येत नाही. त्याला रुपयेच द्यावे लागतात. ते रुपये बँकेने वहीत एक ओळ लिहून नव्याने निर्माण केले. डॉलर त्या दिवशी जागचे हललेही नाहीत. हलले ते नंतर: तो वाढपी ते रुपये घेऊन वाण्याकडे गेला, वाण्याने माल मागवला, आणि आयात करणारा व्यापारी डॉलर मागायला बँकेच्या दारात उभा राहिला. नवे रुपये भरपूर, नवे डॉलर जवळपास नाहीतच, कारण पर्यटक घरी बसलेले. मग दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर कणगी रिकामी होते, नाही तर बट्टा वाढतो. मॉरिशसमध्ये दोन्ही घडले. बँकेला वारंवार डॉलर बाजारात विकावे लागले. आणि २०१९ च्या अखेरीस सुमारे साडेछत्तीस रुपयांना मिळणारा डॉलर २०२१ च्या अखेरीस त्रेचाळीसच्या पुढे गेला.

यापुढचा भाग अधिक सूक्ष्म, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक निंद्य आहे. बँकेकडे वाटण्यासारखे आले कोठून? तिच्या ताळेबंदात एक विशेष राखीव निधी असे. रुपया घसरला की बँकेच्या परदेशी ठेवींची रुपयांतली किंमत फुगते. ती फुगवटी या निधीत जमा होत असे. समजा सात अब्ज डॉलर शिलकीत आहेत आणि डॉलर सात रुपयांनी महागला. एकही नवा डॉलर न येता वहीत ४९ अब्ज रुपयांचा ‘नफा’ उमटतो. हा नफा कसला? देशाच्या चलनाला लागलेला बट्टाच तो, बँकेच्या बाजूने पाहिलेला. नागरिकाच्या खिशातून जे गेले तेच बँकेच्या वहीत जमेच्या बाजूला आले. चोरीला गेलेल्या भांड्यांची किंमत वाढली म्हणून घरमालकाने आनंद मानावा, तसा हा प्रकार. हा निधी पूर्वी धक्के सोसण्यासाठी राखलेला असे. २०१९ पासून मात्र कायद्यात बदल करून सरकारी देण्यांसाठी त्याला हात घालण्याची वाट मोकळी करण्यात आली, आणि महासाथ आली तेव्हा ती वाट मळलेलीच होती.

वाचकांना हे क्लिष्ट वाटत असेल तर आपल्या संस्थेचेच उदाहरण घेऊ. आपली जुनी वास्तू ज्या भागात आहे तेथे जागांचे भाव गेल्या वीस वर्षांत कितीतरी पटींनी वाढले. एका सभासदांनी मागे सर्वसाधारण सभेत सूचना मांडली होती की, वास्तूचे नव्याने मूल्यांकन करून वाढलेली रक्कम उत्पन्नात दाखवावी आणि तीतून दिवाळी अंक, कोजागरी व सहल असे सारे थाटात करावे. आपल्या वयोवृद्ध खजिनदारांनी चष्मा काढून एवढेच विचारले होते, ‘मग आपण बसायचे कुठे?’ सूचना हास्यकल्लोळात बारगळली. जी गोष्ट आपल्या खजिनदारांना वाणिज्य शाखेची पदवी नसताना कळली, ती एका देशाच्या संसदेला कळू नये याचे नवल वाटते. किंवा कळली, आणि तरीही हात वर झाले.

आपल्या देशातही हा मोह झाला होता, हे सोयीस्करपणे विसरू नये. २०१८ साली रिझर्व्ह बँकेकडे ‘जास्तीची’ गंगाजळी असल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी ऑक्टोबरमधल्या आपल्या भाषणात अर्जेंटिनाचा दाखला दिला. तेथे २०१० साली गंगाजळीतले सुमारे साडेसहा अब्ज डॉलर सरकारकडे वळवण्यास बँकेच्या प्रमुखाने विरोध केला होता, आणि त्याला पायउतार व्हावे लागले होते. त्यानंतर बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारला १ लाख ७६ हजार ०५१ कोटी रुपये दिले, ही रक्कम लहान नव्हे आणि तिच्यावर टीकाही झाली. परंतु समितीने एक रेषा ठामपणे आखली: परकी चलन व सोने यांच्या किमती बदलल्यामुळे वहीत दिसणारी वाढ वाटपायोग्य नाही. मॉरिशसने नेमकी हीच रेषा पुसली. आपल्या वक्त्यांनी ज्या ‘सोवळेपणा’ची थट्टा केली तो हाच.

प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की, त्या काळात सर्वच देशांनी नोटा छापल्या. मग गरीब मॉरिशसलाच बोल का? याचे उत्तर आजीच्या वेशीत आहे. अमेरिका जे छापते ते सारे जग पदर पसरून घेते. मॉरिशसचा रुपया घेऊन तेलाचे जहाज कोणी देत नाही. हाली सिक्क्याच्या राज्याने कलदारवाल्याची चैन करू नये. दुसरा युक्तिवाद असा की, चलन घसरले तर निर्यातीला चालना मिळते. पुस्तकात मिळते. पण कापडाचा कारखाना सूत बाहेरून आणतो, हॉटेल चादरीपासून चीजपर्यंत सारे बाहेरून आणते, आणि पर्यटकच नसताना स्वस्त खोल्या कोणाला विकायच्या? तिसरा युक्तिवाद सर्वांत प्रामाणिक आहे: पर्याय काय होता? पर्याय होता कर्जाचा. सरकारने उघडपणे रोखे काढावेत, व्याज किती ते संसदेत सांगावे, फेड कोणत्या करातून होईल ते सांगावे, आणि मतदारांपुढे जावे. त्यात वेदना कमी नसत्या. परंतु त्या कोणाच्या वाट्याला किती याचा हिशेब निघाला असता. कर्ज तसेही वाढलेच. बक्षिसामुळे ते फक्त कमी दिसले.

तसेच, सात-आठ अब्ज डॉलरची शिल्लक पाहून ‘कितीतरी महिन्यांच्या आयातीची सोय आहे’ असे म्हणणाऱ्यांनी त्या शिलकीची जात पाहावी. मॉरिशस हे परदेशी कंपन्यांच्या पैशाचे मोठे थांबे-ठिकाण आहे. १९८३ च्या कर-करारामुळे भारतात येणाऱ्या परकी भांडवलाचा फार मोठा ओघ वर्षानुवर्षे तेथून वळून येत असे. २०१६ साली करारात दुरुस्ती झाल्यावर तो ओसरू लागला. अशा कंपन्यांच्या मोठाल्या ठेवी तेथल्या बँकांत असतात. त्या उद्या निघाल्या तर डॉलर मागणारे हात दुप्पट होतात. एसटीच्या स्थानकावर गर्दी दिसली म्हणून गाव मोठे आहे असे म्हणता येत नाही.

आता बिलाकडे. २०२० च्या वसंतात व्याजदर १.८५ टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले. बाजारात रुपयांचा पूर आलेला, तेव्हा बँकेने स्वतःचेच रोखे विकून तो उपसण्याचा खटाटोप केला आणि त्या रोख्यांवर व्याज भरले: एका हाताने ओतायचे, दुसऱ्याने पैसे देऊन उपसायचे. सामान्य ठेवीदाराच्या बचत खात्यावरचे व्याज एक टक्क्याच्याही खाली गेले. आणि २०२२ साली महागाई वाढली १०.८ टक्क्यांनी. युक्रेनच्या युद्धामुळे तेल व गहू महागले हे खरे आहे, आणि सगळा दोष बँकेवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु तेल डॉलरमध्ये महागले असताना डॉलरही रुपयांत महागलेला असणे, ही दुसरी कुऱ्हाड घरची होती.

साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला तेथे तेव्हा मूलभूत निवृत्तिवेतन मिळत असे. २०२० च्या प्रारंभी ते वाढवून दरमहा ९,००० रुपये करण्यात आले. सत्तेवर आलेल्यांनी दिलेले वचन पाळले म्हणून वाहवा झाली. साडेछत्तीसच्या भावाने ते सुमारे २४६ डॉलर होते. २०२१ च्या अखेरीस आकडा तोच, ९,०००. पण डॉलर उरले सुमारे २०७. म्हातारीच्या हातातली नोट तीच, तिच्यावरची सही तीच, तिच्यातले चाळीस डॉलर गेले. कोणत्याही विधेयकाने ते घेतले नाहीत. कोणत्याही खात्याने पावती दिली नाही. वक्ते ज्याला ‘कोणाच्याही खिशाला चाट न लावता’ म्हणाले ते हेच.

येथे एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती आपल्यासारख्या भाषाभिमानी मंडळींना विशेष लागू आहे. १९९८ साली मॉरिशसच्या बँकेने नव्या नोटा काढल्या. त्या नोटांवर इंग्रजीखालोखाल तमिळ आणि मग नागरी लिपीतली हिंदी असा क्रम चालत आला होता; नव्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली गेली. तमिळ समाज संतापला, निदर्शने झाली, आणि अखेरीस त्या नोटा मागे घेऊन १९९९ मध्ये जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या. भाषेच्या मानासाठी लोक उभे राहिले याचा प्रस्तुत लेखकाला आदरच वाटतो. पाट्यांवरच्या अक्षरांचे मोल काय असते हे बेळगावकरांना कोणी शिकवायला नको. पण नोटेवर अक्षरे कोणत्या क्रमाने असावीत यासाठी सरकारला नमवणारा समाज, त्या नोटेमागचे धान्य वाटले जात असताना गप्प राहिला. एप्रिल २०२२ मध्ये इंधनाच्या दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले खरे. तो क्षोभ पेट्रोल पंपावरच्या पाटीवर होता. बँकेच्या ताळेबंदाविरुद्ध घोषणा देता येईल असे कोणाला सुचले नाही. हा दोष त्यांचा नव्हे. ज्यांना ताळेबंद वाचता येत होता त्यांनी तो सोप्या भाषेत सांगितला नाही, आणि व्याख्यानमालांतून टाळ्या घेतल्या.

बाहेरच्यांनी मात्र सांगितले होते. नाणेनिधीने २०२१ मध्येच बजावले की, बँकेने सरकारला अशा रकमा देणे थांबवावे आणि त्या गुंतवणूक कंपनीची मालकी सोडावी. मूडीज या पतमापन संस्थेने मार्च २०२१ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२२ मध्ये देशाची पत एकेक पायरी उतरवली. दुसऱ्या खेपेस ती गुंतवणूकयोग्य पातळीच्या शेवटच्या पायरीवर आली. मॉरिशस श्रीलंका झाला नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जफेड थांबवली तेव्हा तेथे तेलाच्या जहाजापुरते डॉलर जमवणेही मुष्किलीचे झाले होते. पोर्ट लुईत पंपांवर तशा रांगा लागल्या नाहीत. पूर्वीच्या पिढीने कणगी एवढी भरून ठेवली होती की नातवंडांच्या उधळपट्टीनंतरही तळ दिसला नाही. त्याबद्दल आभार त्या पूर्वीच्या पिढीचे मानावेत, उधळणाऱ्यांचे नव्हे.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत विरोधी आघाडीने बासष्टपैकी साठ जागा जिंकल्या. कारणे अनेक होती, आणि महागाई त्यांतले एक. १९८२ ची आठवण अनेकांना झाली असेल. नव्या सरकारने गुंतवणूक कंपनीच्या व्यवहारांची चौकशी आरंभली; कोण दोषी हे न्यायालये ठरवतील, ते आपले काम नाही. तोवर डॉलर सेहेचाळीस रुपयांच्या वर गेला होता आणि सार्वजनिक कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. जून २०२५ च्या अंदाजपत्रकात या नव्या सरकारने जाहीर केले की, मूलभूत निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने साठवरून पासष्टवर नेण्यात येईल. लोकसंख्या म्हातारी होत आहे, त्यामुळे हे कधी तरी करावेच लागणार होते, असे जाणकार म्हणतात, आणि ते खोटे नसावे. तरीपण ज्या वर्षी तिजोरीत एवढेही उरले नाही की एकोणसाठीच्या मजुराला दिलेला शब्द पाळावा, त्या वर्षी ‘पडून असलेल्या’ गंगाजळीची आठवण कोणी काढली असती, तर बरे झाले असते.

व्याख्यात्यांना हा मजकूर प्रसिद्धीपूर्वी पाठवला आहे. त्यांना प्रस्तुत लेखकाचा प्रश्न एकच आहे: त्या साठ अब्जांचे बिल कोणी भरले नाही असे ते अजूनही मानतात काय, आणि मानत असतील तर म्हातारीचे ते चाळीस डॉलर कोठे गेले? संपादकांनी पुढील अंकात त्यांच्या उत्तरासाठी चार पाने राखून ठेवण्याचे मान्य केले आहे.